डॅशबोर्डचा उजेड : निळा, हिरवा की नारिंगी?

आपल्या व्यापारी घरांतील नव्या पिढीने गाडी घेतली की महिनाभरात सजावटीच्या दुकानाची पायरी चढली जाते. सीट-कव्हर, आरसे, गंधकुपी हे सारे झाल्यावर हल्ली एक नवी मागणी निघते : डॅशबोर्डवरील वेगमापक, पंखा-एसीची बटणे आणि काचेचे स्विच यांमागचा उजेड निळा करून द्या. वडीलधाऱ्यांना हा केवळ हौसेचा भाग वाटतो आणि ते मान डोलावतात. वास्तविक या प्रश्नाचा संबंध हौसेपेक्षा डोळ्यांशी अधिक आहे.

धाराशिवहून तुळजापूरमार्गे सोलापूर किंवा येडशी-मुरूडवरून लातूर, ही आपली नित्याची वाट. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकून मगच गाडी काढण्याची अनेक घरांत रीत असल्याने परतीचा प्रवास बहुधा अंधारात होतो. त्यात गाळप हंगाम सुरू झाला की मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली कोणत्या वळणावर उभी असेल, याचा नेम नाही. ती वेळीच दिसणे हे समोरच्या दिव्यांवर जितके अवलंबून, तितकेच चालकाच्या डोळ्यांनी अंधाराशी किती जुळवून घेतले आहे यावरही अवलंबून असते.

डोळ्याच्या पडद्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या पेशी भरपूर उजेडात रंग ओळखतात. दंडाकृती पेशी अंधुक प्रकाशात काम करतात. दंडाकृती पेशींना अंधाराची पूर्ण सवय होण्यास अर्धा तास लागू शकतो आणि झगझगीत प्रकाशाने ती सवय क्षणार्धात मोडते. या पेशी निळसर-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक, तर गडद लाल प्रकाशाला अत्यल्प प्रतिसाद देतात. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांच्या चालककक्षात तांबडा उजेड वापरीत. पण तांबड्या उजेडात नकाशावरील तांबड्या रेघा दिसेनाशा होतात, त्यामुळे तोही निर्दोष ठरला नाही. बीएमडब्ल्यू कंपनीने पुढे अनेक वर्षे नारिंगी छटा राखली, ती याच विचाराच्या जवळची. उलट फोक्सवॅगनच्या अनेक गाड्यांत एके काळी निळा उजेड आणि तांबडे काटे असत. दिसायला देखणे खरे. पण अनेकांना ते रात्री टोचत असे.

साठी ओलांडलेल्यांनी निळ्याबाबत विशेष सावध असावे. वयानुसार डोळ्यातील भिंग पिवळसर होते, निळा प्रकाश अडवते आणि विखुरते. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर अक्षरांभोवती धुके पसरल्यासारखे होते. मग आकडे नीट दिसेनात म्हणून उजेड वाढवला जातो आणि समोरचा रस्ता आणखी काळा होतो. ज्या घरात मुलगा सकाळी आणि वडील संध्याकाळी एकच गाडी चालवतात, तेथे रंग वडिलांच्या डोळ्यांना विचारून ठरवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. अँबॅसेडर, पद्मिनी, मारुती ८०० यांच्या काळात हे काम सोपे होते. आत तारेचा छोटा बल्ब असे; त्यावर हिरवी रबरी टोपी चढवली की उजेड हिरवा. आज त्या जागी एलईडी बसवता येतो. तांबडा एलईडी १९६२ पासून ठाऊक असला तरी प्रखर निळा १९९० च्या दशकात साधला आणि त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. एलईडी उलटा बसला तर पेटत नाही, फिरवून बसवावा. बटणावरच नारिंगी रंगाचा पडदा असेल तर मागे निळा दिवा लावून उपयोग नाही, कारण तो पडदा निळा प्रकाश गिळून टाकतो. शिवाय उजेड कमी-जास्त करणारी जुनी चकती तारेच्या बल्बसाठी बनलेली असते. एलईडी तिला दाद देईलच असे नाही, आणि मग तो पूर्ण तेजानेच जळत राहतो.

नव्या गाड्यांत दिवे थेट सर्किटच्या पाटीवर डाखलेले असतात. तेथे पोहोचण्यासाठी वेगमापकाचा काटा उपटावा लागतो. परत बसवताना तो किंचित सरकला, तरी वेग चुकीचा दिसू लागतो. स्टिअरिंगवरील बटणे तर कोणा नवशिक्याच्या हाती देऊच नयेत. त्यामागे एअरबॅग असते. इशाऱ्याच्या दिव्यांनाही हात लावू नये : तांबडा धोक्याचा, पिवळा सावधतेचा, निळा अप्परचा. संपूर्ण पाटी निळी केली की अप्पर चालू आहे हे ध्यानातच येत नाही आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

कायद्याचे म्हणाल, तर मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. आतील बटणांच्या उजेडाचा रंग त्या तपशिलात नसतो. मात्र वायर कापून केलेल्या कामामुळे कंपनी त्या भागाची वॉरंटी नाकारू शकते. बँकेत वाहनकर्जाची प्रकरणे हाताळताना गाडी कर्ज फिटेपर्यंत बँकेच्या तारणात असते, हे मी ग्राहकांना नेहमी सांगत असे. हौस करताना तेवढे स्मरण असावे.

काही नव्या गाड्यांत पडद्यावर बोट फिरवून आतील शोभेच्या उजेडाचा रंग बदलता येतो. तेथे काहीच उघडावे लागत नाही. जुन्या गाडीत काम करवून घेतलेच, तर काढलेले मूळ बल्ब फेकू नयेत. कागदी पुडीत बांधून गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवावेत. पुढे गाडी घेणाऱ्याला आपला रंग रुचेलच असे नाही.