बोगदा जागेवर धरणारी गोणी

कुत्र्यांच्या अ‍ॅजिलिटी या अडथळ्यांच्या खेळाच्या मैदानात बोगदा हा सगळ्यात सोपा अडथळा वाटतो. 60 सेंटिमीटर व्यासाची, 3 ते 6 मीटर लांबीची, तारेच्या वेटोळ्यावर ताणलेली नळी आणि तिच्यातून सुसाट निघणारे कुत्रे. घोड्यांच्या अडथळा-शर्यतीवरून बेतलेला हा खेळ 1978 साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात मधला रिकामा वेळ भरण्यासाठी पहिल्यांदा दाखवला गेला. पुढे तो जगभर पसरला आणि बोगदा वाकवून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. खरी परीक्षा त्या वाकणात आहे.

वळणावर कुत्रे तळावरून पळत नाही, ते बाहेरच्या भिंतीवर चढते. सेकंदाला 6 मीटर वेगाने 2 मीटर त्रिज्येचे वळण घेणारे 20 किलोचे कुत्रे त्या भिंतीला सुमारे 37 किलो वजनाइतका रेटा देते. नळी स्वतः हलकी असते, त्यामुळे ती सरकते, कधी लोळते. पायाखालची भिंतच हलली की खांदा आणि मनगट दुखावते. त्याहून वाईट म्हणजे कुत्र्याचा त्या नळीवरचा विश्वास उडतो, आणि तो परत मिळवायला फार वेळ लागतो. म्हणून माझ्या मते नळीपेक्षा तिला धरून ठेवणाऱ्या पिशव्यांकडे जास्त लक्ष द्यायला हवे.

या पिशव्यांची रचना आपल्याकडे कोणाला शिकवावी लागत नाही. दोन बाजूंना दोन वजने आणि मध्ये रुंद पट्टा. कलबुर्गीकडच्या लमाणांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ वाहत तीच ही गोणी.

कलबुर्गी जिल्ह्यातल्या आमच्या अफजलपूर तालुक्यात तिचे सगळे सामान हाताशी आहे. युरियाच्या रिकाम्या पोत्याच्या आतले प्लास्टिकचे अस्तर, जुनी जीन्स किंवा ताडपत्री, खाटेची नवार, आणि बांधकामातून उरलेली कोरडी वाळू. वाळू आधी चाळून घ्यावी, टोकदार खडा एकही राहू नये. एका लिटरमध्ये साधारण 1.6 किलो वाळू मावते, म्हणजे 10 किलोच्या पिशवीला सहा लिटरांहून थोडी जास्त लागते. वाळू अस्तरात भरून तोंड घट्ट बांधायचे आणि वरून जीन्सची खोळ चढवायची. नुसते पोते उन्हात काही महिन्यांत विरते. पिशवी तीन चतुर्थांशच भरावी. गच्च भरलेली पिशवी धोंड्यासारखी कडक राहते, सैल पिशवी नळीच्या कुशीत नीट बसते.

पट्ट्याच्या बाबतीत मात्र घाई नको. तो 10 सेंटिमीटर तरी रुंद असावा, नाहीतर तारेच्या दोन वेढ्यांमध्ये रुततो आणि नळी आवळतो. पिशवीची उंची 25 सेंटिमीटर धरली तर मधला पट्टा 105 सेंटिमीटरच्या आसपास हवा. पिशव्यांचे वजन जमिनीवर पडले पाहिजे, नळीवर लोंबकळता कामा नये. पट्ट्याखालून तळहात सहज सरकला की माप बरोबर. टोकाशी चौकोनी शिवण आणि आत फुली, तीही नायलॉनच्या दोऱ्याने. ताडपत्री शिवणारा कारागीर हे काम चटकन करतो. दर मीटरला एक जोडी ठेवावी, वळणावर जोड्या जवळ घ्याव्यात.

लोखंडी खुंट्या आणि दगड वापरणाऱ्यांना कळकळीने सांगावेसे वाटते की ते सोडा. इथल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसात ती लोण्यासारखी होते. खुंटी दोन्ही वेळा दगा देते. आणि बोगद्यातून चुकून बाहेर उसळलेल्या कुत्र्यासमोर लोखंड आले तर परिणाम भोगावा लागतो तो त्या मुक्या जनावराला.

हा खटाटोप या भागात करावा असे वाटते, त्याला कारण इथली कुत्रीच. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेच्या दोन्ही बाजूंना कारवानी म्हणून ओळखले जाणारे, मुधोळच्या घोरपडे राजांनी, विशेषतः मालोजीरावांनी जपलेले हे शिकारी कुत्रे. 2005 साली ते टपाल तिकिटावर आले. 2016 मध्ये मुधोळची पिल्ले लष्कराच्या मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी गेली. या जातीवर काम करणारे मुधोळजवळच्या तिम्मापूरचे केंद्र बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. मोकळ्या रानात नजरेने सावज हेरून धावणाऱ्या या कुत्र्याची खांद्यापर्यंतची उंची 65 सेंटिमीटरच्या पुढे जाते. 60 सेंटिमीटरच्या नळीत त्याला वाकून पळावे लागते, आणि वेग तर उपजत. त्यामुळे हलणारा बोगदा त्याला इतरांपेक्षा जास्त घातक.

भीमा-अमरजेच्या संगमावरचे दत्तक्षेत्र गाणगापूर याच अफजलपूर तालुक्यात आहे. दत्ताच्या पायाशी चार श्वान असतात हे इथे लहान पोरालाही ठाऊक असते. त्या भक्तीतला थोडा वाटा दारातल्या कुत्र्याच्या सांध्यांनाही मिळावा.

सुरुवात सरळ, आखूड बोगद्याने करा. पिल्लू वर्ष-सव्वा वर्षाचे होईपर्यंत वळण देऊ नका. उन्हात नळी आतून तापते, तेव्हा सराव सकाळीच उरका. आणि प्रत्येक वेळी कुत्रे सोडण्याआधी बोगद्याला बाजूने पायाने जोरात रेटून पाहा. तो हलला तर आणखी एक जोडी टाका.