पडद्याचे फोटो कुणाच्या मालकीचे?

माझ्या डोळ्याच्या पडद्याची जुनी चित्रं आता मिळणार नाहीत, असं पुण्यातल्या एका दवाखान्याने नुकतंच सांगितलं. कॉम्प्युटरची सिस्टिम बदलली, जुनं नव्यात आलंच नाही. सांगणारीला त्याचं काही वाटलं नाही; माझा राग मात्र भांडगावला घरी पोचेपर्यंत उतरला नाही. मला यूव्हिआयटिस आहे; ही डोळ्याच्या आतली सूज पुन्हा पुन्हा उठते. पडद्यावर डाग दिसला तर तो जुना व्रण की नवा उठाव, हे मागचं चित्र शेजारी ठेवलं की खात्रीने कळतं. व्रण असेल तर स्टेरॉइड उतरवायचं, उठाव असेल तर वाढवायचं. वाढवलं की साखर चढते, हाडं ठिसूळ होतात.

पडद्याच्या चित्रांच्या इतिहासातली पहिली शंभर वर्षं भराभर ओलांडतो. हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये पडदा पाहण्याचं उपकरण जगापुढे आणलं. १९६१ मध्ये नोवोटनी आणि अ‍ॅल्विस या दोन अमेरिकन विद्यार्थ्यांनी दंडाच्या शिरेत फ्लुरोसिन सोडून पडद्यातल्या रक्तवाहिन्यांचे फोटो छापले. नेत्रतज्ज्ञांच्या नियतकालिकाने तो लेख साभार परत केला होता. शेवटी तो हृदयविकाराच्या नियतकालिकात आला. जाणकारांना स्वतःच्या अंगणातलं दिसत नाही, ही तेव्हाचीही रीत.

माझं दशक २००० नंतरचं. केडगाव स्टेशनवरून पॅसेंजरने पुण्याला जायचं, सोबत चुलतभाऊ, कारण थेंब घालून बाहुली मोठी केली की परतीच्या उन्हात काही दिसायचं नाही. अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून बसायचं. शिरेत पिवळं औषध गेलं की दहा-बारा सेकंदांत ते डोळ्यात पोचायचं आणि कॅमेऱ्याचा लखलखाट सुरू व्हायचा. मळमळायचं. कातडी पिवळी दिसायची, लघवी दुसऱ्या दिवसापर्यंत केशरी. ‘दादा, दिव्याकडं बघा, पापणी हलवू नका,’ असं तो फोटोग्राफर इतक्या मायेने म्हणायचा की मी मुकाट्याने डोळा उघडा ठेवायचो. डॉक्टर मागचे आणि आजचे फोटो उजेडाच्या पेटीवर मांडून बोटाने दाखवायचे: ही शीर गळतेय, ही आता सुकली. मग फोटो माझ्याच पिशवीत.

त्याच दशकात ओसीटी आली. शोध १९९१ चा, आमच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. सुई नाही, औषध नाही. प्रकाशानेच पडद्याचा उभा छेद. आधीचं यंत्र सेकंदाला ४०० रेषा टिपायचं, दशक सरता सरता २७,००० टिपणारी यंत्रं आली. मधल्या बिंदूची सूज मायक्रॉनमध्ये मोजता येऊ लागली आणि बाकावर बसलेले रोगी एकमेकांना ‘तुमचे किती?’ विचारू लागले. आमच्या आजाराला पहिल्यांदा मोजमाप मिळालं होतं.

पुढच्या वर्षांबद्दल मला फारसा उत्साह नाही. दोनशे अंशांचा पडदा एका फोटोत मावतो. औषध न टोचता रक्तवाहिन्या दाखवणारी ओसीटी आली, पण ती रक्ताचा प्रवाह दाखवते, गळती नाही. आमच्यासारख्यांची सुई काही चुकत नाही. गावात मधुमेहाच्या शिबिरात हातातल्या कॅमेऱ्याने पडद्याचे फोटो काढतात, हे चांगलंच. मात्र सुजेने डोळ्याच्या आत धुरकट झालं असेल तर फोटो वाचता येत नाही, आणि आम्ही ‘मोठ्या दवाखान्यात दाखवा’ या चिठ्ठीचे धनी. त्या मोठ्या दवाखान्यात दर खेपेला नवे डॉक्टर. जुनी चित्रं शेजारी लावून बघायला त्यांना सवड नाही, आणि आता चित्रंही नाहीत. पुन्हा सगळ्या तपासण्या, पुन्हा पैसे.

शेजारच्या केडगावात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनने अंध स्त्रियांना आसरा दिला. गेलेल्या डोळ्यांची कदर आमच्या मुलखाला जुनी आहे. राहिलेले डोळे सांभाळण्याची शिस्त मात्र कुणालाच लागलेली नाही.

वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रं ७२ तासांत द्यावी लागतात. नोंदी जपायची मुदत मात्र ३ वर्षं, तीही दाखल रुग्णांसाठी. आमचा आजार वीस-वीस वर्षं बाह्यरुग्ण विभागातच चालतो. म्हणून सांगतो, पडद्याची तपासणी झाली की छापील कागदावर समाधान मानू नका. मूळ चित्रं पेन ड्राइव्हवर मागा, त्याच दिवशी मागा, आणि घरी दोन ठिकाणी ठेवा.