अणे, माधव श्रीहरि
(२९ ऑगस्ट १८८०—२६ जानेवारी १९६८). विदर्भातील एक राष्ट्रीय पुढारी, पत्रकार, प्रशासक व संस्कृत पंडित. ‘लोकनायक बापूजी अणे’ या नावाने विशेष परिचित. जन्म यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे. नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी काही काळ अमरावतीस अध्यापन केले व पुढे यवतमाळ येथे वकिली सुरू केली. लोकमान्य टिळकांच्या राजकारणाचे ते निष्ठावंत अनुयायी होते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांनी यवतमाळ येथे लोकमत हे साप्ताहिक काढले. याच नावाचे दैनिक जवाहरलाल दर्डा यांनी १९७१ मध्ये नागपूरहून सुरू केले.

काँग्रेसमध्ये राहूनही अणे यांनी आपले मतस्वातंत्र्य सोडले नाही. असहकारितेऐवजी प्रतियोगी सहकारितेचा त्यांनी पुरस्कार केला. तथापि १९३० मध्ये पुसद येथील जंगल सत्याग्रहाचे नेतृत्व करून त्यांनी कारावासही पत्करला. १९३३ मध्ये काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष असताना त्यांनी सामुदायिक कायदेभंग स्थगित केला. जातीय निवाड्याविषयीच्या काँग्रेसच्या तटस्थ धोरणाशी मतभेद झाल्याने पंडित मदनमोहन मालवीय यांच्यासह त्यांनी १९३४ मध्ये काँग्रेस राष्ट्रीय पक्ष स्थापिला.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते १९४१ मध्ये गेले. परदेशस्थ भारतीयांचे खाते त्यांच्याकडे होते. सत्तेत राहून देशहित साधण्याच्या या भूमिकेची कसोटी फेब्रुवारी १९४३ मध्ये लागली. स्थानबद्ध गांधीजींनी पुण्यास उपोषण आरंभिले असताही सरकार त्यांना मुक्त करीना, तेव्हा अणे, होमी मोदी व नलिनी रंजन सरकार यांनी राजीनामे दिले. त्यानंतर सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी (१९४३–४७), संविधान सभेचे सदस्य व बिहारचे राज्यपाल (१९४८–५२) म्हणून त्यांनी काम केले.

स्वतंत्र विदर्भ राज्याचे ते आग्रही पुरस्कर्ते होते. नागपूर मतदारसंघातून १९५९ च्या पोटनिवडणुकीत व १९६२ मध्ये ते लोकसभेवर निवडून आले. ज्या काँग्रेसमध्ये आयुष्याचा मोठा भाग गेला, तिच्याविरुद्ध वार्धक्यात उभे राहण्यास ते या प्रश्नावर कचरले नाहीत. १९६८ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान देण्यात आला. श्रीतिलकयशोऽर्णवः या त्यांच्या संस्कृत पद्यमय टिळकचरित्रास १९७३ मध्ये साहित्य अकादमीचा मरणोत्तर पुरस्कार लाभला.

सहकार्य आणि विरोध ही दोन्ही साधने प्रसंग पाहून वापरावीत, या टिळकांच्या शिकवणीशी त्यांची भिन्न वाटणारी पदे व पक्षांतरे सुसंगत दिसतात.