ड्रायव्हर काका विरुद्ध शेवटची सीट: स्कूल बसमधलं भांडण नक्की कुणाचं?

आजचा भाग बसमध्ये बसून ऐकत असाल तर आवाज जरा कमी ठेवा, कारण विषय ड्रायव्हर काकांचाच आहे.

समजा, एप्रिलमधली दुपार. सोलापूरचा पारा चाळिशीपार. शाळा सुटलीय, बस सात रस्त्याकडे निघालीय. शेवटच्या सीटवरून कुणीतरी बाटली फेकतं, कुणीतरी काकांना ठेवलेल्या नावानं हाक मारतं. काका आरशात बघून ओरडतात, "कोण बे तो? उतर खाली!" मागून हशा. रात्री घरी तक्रार जाते, काका शिव्या देतात. काकांची तक्रार, पोरं ऐकत नाहीत. मग चूक कुणाची?

आधी एक गणित करू. ताशी ४० किलोमीटर वेगानं बस एका सेकंदात साधारण ११ मीटर जाते. काकांनी तीन सेकंद आरशात बघितलं, तर बस ३३ मीटर पुढे गेली आणि तेवढ्यात रस्त्यावर लक्षच नव्हतं. कारखान्यांचा हंगाम असेल तर पुढे उसानं भरलेली ट्रॉलीही असू शकते.

हा विषय किती गंभीर आहे, ते १९९७ मध्ये दिल्लीत कळलं. वझिराबादला शाळेची बस यमुनेत कोसळली आणि २८ मुलं गेली. त्यानंतर सुप्रीम कोर्टानं आदेश दिले, की अनुभव कमी असलेला किंवा वारंवार दंड झालेला चालक शाळेच्या बसवर नको. महाराष्ट्रानं २०११ मध्ये स्कूल बससाठी वेगळे नियम केले.

त्यातली एक गोष्ट आपल्या भांडणाशी थेट जोडलेली आहे. बसमध्ये चालकाशिवाय मुलांकडे बघणारा मदतनीस हवा, मुली असतील तर महिला मदतनीस. आणि शाळेत परिवहन समिती हवी, तिचे अध्यक्ष मुख्याध्यापक. म्हणजे पोरांना शांत बसवणं हे काकांचं काम नाहीच! त्यांचं काम गाडी चालवणं. मदतनीस नसला की काकांना एका डोळ्यानं रस्ता आणि दुसऱ्यानं पोरं बघावी लागतात. भांडण तिथंच सुरू होतं.

आता आपली बाजू. काका केबिनजवळून "मागं सरका" म्हणाले तर ती दादागिरी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२५ नुसार, गाडीवरच्या ताब्यात अडथळा येईल असं कुणालाही उभं राहू किंवा बसू द्यायचं नाही, ही चालकाचीच जबाबदारी आहे. टोपणनावं, बाटल्या, खिडकीबाहेर हात, हे गाडी चालू असताना बंद.

पण काकांनाही मर्यादा आहेच. मारणं, घाणेरडं बोलणं, पोराला अर्ध्या रस्त्यात उतरवणं हे शिस्तीच्या नावाखाली चालत नाही.

मग करायचं काय? चालत्या बसमध्ये वाद घालू नका. उतरल्यावर बस नंबर, तारीख, वेळ आणि नेमकं काय झालं ते लिहून ठेवा. आईबाबांना सांगा आणि त्यांच्यामार्फत शाळेला लेखी द्या. सोबत एक साधा प्रश्न विचारा, "आमच्या बसला मदतनीस आहे का? समितीत पालकांचं कोण आहे?"

व्हिडिओ काढला असेल तर तो शाळेला दाखवा, त्याचं रील करू नका. त्यात काकांसोबत तुमच्या मित्रांचे चेहरेही फिरतात.

आणि मारहाण झाली, किंवा कुणी नको तसा स्पर्श केला, तर समितीची वाट बघायची नाही. मोठ्यांना लगेच सांगा, नाहीतर १०९८ वर फोन करा. हा नंबर मुलांसाठीच आहे.

उद्या बसमध्ये चढताना एवढंच बघा, दारात काकांशिवाय आणखी कुणी मोठं माणूस आहे का. नसेल, तर तक्रार तिथून सुरू करा.

भेटू पुढच्या भागात!