रिमोट किल्लीचा पल्ला वाढवताना

जानेवारीत अमेरिकेतल्या मिनियापोलिसमध्ये पारा उणे 20 अंशांखाली गेला की कामावर निघणारी माणसे आधी खिडकीशी जातात आणि किल्लीवरचे बटण दाबून खाली उभी असलेली गाडी चालू करतात. आवरून खाली उतरेपर्यंत गाडी आतून ऊबदार झालेली असते आणि काचेवरचा बर्फ खरवडत बसावे लागत नाही. मात्र गाडी रस्त्यापलीकडे किंवा पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला असली, तर बटण दाबून दाबून बोट दुखते आणि गाडी ढिम्म राहते.

'रिमोट स्टार्ट' कारखान्यातूनच बसवून देण्याची सुरुवात जनरल मोटर्सने 2004 च्या शेव्हरले मालिबूपासून केली. कंपनीच्या माहितीपुस्तिकांत अशा किल्लीचा पल्ला साधारण 60 मीटर दिलेला असतो, तोही मध्ये अडथळा नसताना. आपल्याकडे थंडीऐवजी उन्हासाठी ही सोय वापरतात. नागपूरच्या मे महिन्यात तापलेल्या गाडीत बसण्याआधी पाच मिनिटे एसी चालू व्हावा, एवढीच अपेक्षा असते. दोन्हीकडे प्रश्न एकच पडतो: हा पल्ला वाढवता येईल का? येतो, आणि बराचसा फुकटात. पण तो आखूड का ठेवला आहे, हे आधी समजून घ्यायला हवे.

किल्ली इतकी क्षीण का?

बटण दाबले की किल्लीतून एक छोटा रेडिओसंदेश निघतो. अमेरिका आणि जपानमध्ये तो बहुधा 315 मेगाहर्ट्‌झवर असतो, युरोपात आणि भारतात 433.92 मेगाहर्ट्‌झवर. संदेशातला सांकेतिक अंक दर वेळी बदलतो, म्हणजे कोणी जुना संदेश टिपून पुन्हा सोडला तरी गाडी तो नाकारते. गाडीच्या आवाक्याबाहेर बटण दाबत राहिले तर किल्लीचा अंक पुढे सरकतो आणि गाडी मागे राहते. थोडा फरक गाडी समजून घेते. तो फार वाढला, तर मात्र किल्ली आणि गाडीची जुळणी पुन्हा करावी लागते. किल्ली मुलांच्या हाती खेळायला देऊ नये, त्याचे हे एक कारण.

पल्ला आखूड असण्यामागचे पहिले कारण कायद्याचे. विनापरवाना चालणाऱ्या अशा यंत्रांनी किती जोराने संदेश सोडायचा, याची मर्यादा अमेरिकेच्या संपर्क आयोगाने घालून दिली आहे. 315 मेगाहर्ट्‌झसाठी तिचा हिशेब केला, तर सरासरी शक्ती एका मिलिवॅटच्या शंभराव्या भागाच्या आसपास येते. दुसरे कारण अँटेनाचे. 315 मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे 95 सेंटिमीटर असते आणि किल्लीतला अँटेना म्हणजे सर्किटवरची जेमतेम बोटभर तांब्याची पट्टी. एवढ्या तोकड्या अँटेनातून बरीचशी शक्ती बाहेर पडतच नाही. तिसरे कारण नाण्याएवढ्या सेलचे. बहुतेक किल्ल्यांत सीआर 2032 हा 3 व्होल्टचा सेल असतो. त्याच्या नावातच त्याचे माप आहे, 20 मिलिमीटर व्यास आणि 3.2 मिलिमीटर जाडी. एवढ्या सेलवर किल्ली वर्ष-दोन वर्षे चालायची, तर प्रत्येक संदेश काटकसरीनेच पाठवावा लागतो.

यात अंतराचे गणितही आडवे येते. मोकळ्या जागेत पल्ला दुप्पट करायचा, तर चौपट शक्ती लागते. जमिनीलगत परिस्थिती आणखी बिकट असते, कारण थेट येणारी लहर आणि जमिनीवरून उसळून येणारी लहर एकमेकींना छेदतात. तिथे दुप्पट पल्ल्यासाठी सोळापट शक्ती लागू शकते. त्यामुळे निव्वळ जोर वाढवून फारसे साधत नाही. जे आहे ते वाया जाऊ न देणे अधिक फायद्याचे.

आधी फुकटचे उपाय

सर्वांत आधी सेल बदलावा. जुना सेल मीटरवर 3 व्होल्ट दाखवतो आणि म्हणून तो चांगला आहे असा समज होतो. पण सेल जुना होतो तसा त्याचा अंतर्गत रोध वाढतो आणि बटण दाबताच व्होल्टेज खाली बसते. कडाक्याच्या थंडीत हे अधिकच जाणवते. पूर्वी जिथून गाडी उघडायची तिथून आता उघडत नसेल, तर दोष बहुधा सेलचाच असतो. नवा सेल नावाजलेल्या कंपनीचा घ्यावा, आतले पत्रे कोरड्या कापडाने पुसावेत, आणि जुना सेल लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकावा. गिळला गेला तर तो काही तासांत अन्ननलिका भाजून काढतो.

दुसरा उपाय उंचीचा. किल्ली खिशात किंवा कमरेशी धरून बटण दाबण्यापेक्षा हात डोक्याच्या वर नेऊन दाबावे. जमिनीपासूनचे अंतर वाढते, मधल्या गाड्यांच्या पत्र्यावरून संदेश पलीकडे जातो आणि पल्ल्यात लगेच फरक पडतो.

तिसरा उपाय ऐकायला गमतीचा आहे, पण खरा आहे: किल्ली हनुवटीला किंवा कानशिलाला टेकवून बटण दाबायचे. ब्रिटनमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ रॉजर बाउली यांनी एका व्हिडिओत हे करून दाखवले. डोक्यात पाण्याचा अंश भरपूर असतो. किल्लीच्या विद्युतक्षेत्राने त्या पाण्यातले विद्युतभार मागेपुढे हलू लागतात आणि तेही लहर सोडतात. तोकड्या अँटेनाला असा मोठा जोडीदार मिळतो. पाण्याने भरलेल्या मोठ्या बाटलीला किल्ली टेकवली तरी असाच परिणाम दिसतो. यात डोक्याला अपाय होईल अशी भीती नको, कारण कानाला लावलेला मोबाइल याच्या कितीतरी पट जोराने लहरी सोडतो.

चौथी गोष्ट गाडीच्या बाजूची. ऐकणाऱ्या यंत्राभोवती गोंगाट असेल, तर किल्लीचा क्षीण आवाज त्यात बुडतो. स्वस्तातले यूएसबी चार्जर, डॅशकॅम आणि बाजारातून बसवलेले एलईडी दिवे असा गोंगाट करतात. पल्ला अचानक घटला असेल, तर ही उपकरणे एकेक काढून पाहावीत. काचेवर धातूचा अंश असलेली फिल्म लावली असेल, तर तीही लहरी अडवते.

आणि पल्ल्याला दोष देण्याआधी एक खात्री करावी. बहुतेक गाड्यांत आधी लॉकचे बटण दाबून मग स्टार्टचे बटण काही सेकंद धरून ठेवावे लागते. बॉनेट किंवा दार नीट लागलेले नसेल, तर बाजूला उभे राहूनही गाडी चालू होत नाही.

पैसे मोजून मिळणारा पल्ला

अमेरिकेत बाहेरून बसवायचे वेगळे रिमोट स्टार्ट संच मिळतात. त्यातले लांब पल्ल्याचे संच 902 ते 928 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतात. तिथे संदेश अनेक वारंवारितांवर पसरवून पाठवला, तर एक वॅटपर्यंत शक्ती वापरायची मुभा आहे, म्हणजे साध्या किल्लीच्या सुमारे 90 हजार पट. जमिनीलगतचे गणित लावले तर पल्ला मात्र सतरापटीच्या आसपासच वाढतो, म्हणजे 60 मीटरचा एक किलोमीटर. या संचांच्या जाहिरातींत मैलाची भाषा असते ती मोकळ्या मैदानातली. काँक्रीटच्या इमारतींत ती पुष्कळच खाली येते. संच दुहेरी संवादाचा असेल, तर गाडी चालू झाल्याचे हातातल्या रिमोटवर कळते, आणि लांबून वापरताना ही सोय पल्ल्याइतकीच मोलाची ठरते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून असा संच मागवण्याचा मोह कोणाला होत असेल, तर तो आवरावा. या पट्ट्याचा काही भाग भारतात मोबाइल फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या लहरींसाठी राखलेला आहे. आपली गाडी थंड करण्यासाठी शेजाऱ्यांच्या फोनमध्ये व्यत्यय आणणे बेकायदा आहे.

दुसरा मार्ग फोनचा. गाडीत सिमकार्ड असेल, तर अ‍ॅपवरचा आदेश मोबाइलच्या जाळ्यातून जातो आणि अंतराचा प्रश्नच उरत नाही. भारतात 2019 मध्ये आलेल्या ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टर या गाड्यांपासून ही कल्पना लोकांच्या परिचयाची झाली. पण तळघरातल्या पार्किंगमध्ये नेटवर्क नसेल, तर हा मार्गही खुंटतो. शिवाय सेवा कंपनीच्या हाती राहते. अमेरिकेत एटी अँड टीने फेब्रुवारी 2022 मध्ये थ्रीजी सेवा बंद केली, तेव्हा अनेक जुन्या गाड्यांच्या अ‍ॅपसेवा कायमच्या थांबल्या.

पल्ला चोरांनाही हवा असतो

ज्या गाड्या किल्ली खिशात असतानाच उघडतात, त्यांची रचना वेगळी आहे. गाडी अगदी कमी वारंवारितेवर, एक-दोन मीटरपर्यंतच हाक देते आणि किल्ली तिला उत्तर देते. हे अंतर मुद्दाम आखूड ठेवले आहे, कारण किल्ली जवळ आहे याचा पुरावाच तो. 2011 मध्ये झुरिकच्या ईटीएच या संस्थेतल्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलवर प्रयोग केला. एक यंत्र गाडीपाशी आणि दुसरे किल्लीपाशी ठेवून त्यांनी ती हाक लांबवर पोचवली. दहाही गाड्या उघडल्या आणि चालू झाल्या. आज चोर हेच करतात. म्हणून पल्ला वाढवणारे कुठलेही 'बूस्टर' यंत्र किल्लीला जोडू नये, आणि अशी किल्ली रात्री दारालगतच्या खुंटीवर न टांगता घराच्या आतल्या बाजूला किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावी.

राहिला कायदा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 126 नुसार सार्वजनिक जागी उभ्या असलेल्या गाडीच्या चालकाच्या आसनावर परवानाधारक माणूस तरी हवा, नाहीतर इंजिन बंद हवे. म्हणजे रस्त्याकडेला लावलेली रिकामी गाडी घरातून चालू करणे आपल्याकडे नियमाला धरून नाही. बंद गॅरेजमध्ये तर ते जिवावर बेतते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड ना दिसतो, ना त्याला वास असतो, आणि गाडी चालू करणारा माणूस तिथे नसल्याने धोका कोणाला कळतही नाही.

तेव्हा पल्ला कमी वाटत असेल, तर आधी नवा सेल घाला, हात उंच करा आणि गाडीतले चार्जर काढून पाहा. बहुतेकांचे काम एवढ्यात भागते. त्याहून लांबची गरज असेल, तर गाडीच्या कंपनीचे अ‍ॅप वापरा. आणि जी गाडी दिसत नाही, जिच्याभोवती कोण आहे हे ठाऊक नाही, ती लांबून चालू करू नका.