लहानपणी लवकर, मोठेपणी कठीण?

घरात मराठी, सोसायटीत हिंदी, शाळेत इंग्रजी. अशा घरातलं मूल अडीच वर्षांचं होऊनही बोलत नसेल, तर पहिला ठपका भाषांवर येतो. ‘एकच भाषा बोला, गोंधळेल ते,’ असा सल्ला मिळतो. त्याला आधार नाही. दोन भाषांत वाढणारी मुलंही वर्षाच्या आसपास पहिला शब्द उच्चारतात, दोन वर्षांची होता होता शब्दाला शब्द जोडतात. एकाच भाषेतले शब्द मोजले तर कमी भरतात, पण दोन्हींतले एकत्र धरले तर तूट उरत नाही. ‘आजी, वॉटर दे’ हा गोंधळ म्हणावा, तर घरातली मोठी माणसं दिवसभर दुसरं काय बोलतात? बोलायला खरोखर उशीर होत असेल तर आधी कान तपासून घ्यावेत. भाषेवर खापर फोडण्यात मोलाचे महिने वाया जातात.

मूल ऐकतं तेच बोलतं, हा समजही अर्धाच खरा. ‘मी करलं’, ‘बाबा जाला’ असं घरात कोणीच म्हणत नाही; मग ते आलं कुठून? बसला, उठला, हसला ऐकून मुलानं स्वतःच नियम काढला आणि तो सगळीकडे लावला. जीन बर्को यांनी 1958 साली इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना ‘वग’ नावाच्या काल्पनिक पक्ष्याचं चित्र दाखवलं. तो शब्द मुलांनी पूर्वी ऐकलेला असणं शक्यच नव्हतं, तरी बहुतेकांनी त्याचं अनेकवचन बरोबर केलं. तेव्हा ‘करलं नाही, केलं म्हण’ असं दरडावण्यापेक्षा ‘हो का, तू केलंस?’ म्हणून गप्पा पुढे न्याव्यात. नियमाचे अपवाद मूल यथावकाश उचलतं.

सर्वांत चिवट समज वयाचा. नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजीभाषकांचा अभ्यास 1978 साली प्रसिद्ध झाला. डच शिकताना सुरुवातीच्या महिन्यांत पुढे होती बारा ते पंधरा वर्षांची मुलं आणि प्रौढ. तीन ते पाच वर्षांची मुलं सर्वांत मागे. लहान मुलं गाठतात ती पुढे, रोजच्या सहवासात. शाळेच्या तासांत तो सहवास नसतो. बार्सिलोनात इंग्रजी आठव्या वर्षी सुरू केलेली आणि अकराव्या वर्षी सुरू केलेली मुलं तितक्याच तासांनंतर तपासली, तेव्हा उशिरा सुरू केलेली सरस निघाली. बालवाडीतल्या इंग्रजीसाठी कर्ज काढणाऱ्या पालकांच्या कानावर हे कोणी घालत नाही.

उच्चारांचं मात्र वेगळं आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांना 1984 साली आढळलं, की इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला त आणि ट यांतला फरक कळतो. वर्षाची होईतो ही क्षमता बहुतेकांत मावळते. म्हणून प्रौढपणी शिकलेल्या भाषेत मूळ भाषेचा हेल बऱ्याचदा राहून जातो. पण हेल म्हणजे भाषा नव्हे. साताऱ्यात जन्मलेले, मराठी मातृभाषेचे काका कालेलकर गुजराती शिकले ते मोठेपणी. गांधीजी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हणत, आणि 1965 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तो गुजराती लेखनासाठी.