कुंडीतील कळलावी

कर्जत-खालापूरकडील कुंपणांवर पावसाळ्यात ज्वाळेसारखी फुलणारी कळलावी कुंडीतही वाढते. नाव ऐकून गृहिणींनी नाक मुरडू नये! तिची खरी खूण पानात आहे : पानाचे टोक तंतूप्रमाणे वळून आधार धरते; म्हणून काठी रोवावी. सहा नागमोडी पाकळ्या आधी पिवळसर, मग लालभडक होतात. पावसाळा सरला की वेल वाळतो. तेव्हा पाणी बंद करावे. वैशाखअखेर कंद दोन-तीन इंच खोल आडवा लावावा. नांगरासारखा आकार, म्हणून संस्कृतात ती ‘लांगली’. मात्र या कंदात कोल्चिसीन हे जहाल विष असते. रताळे समजून खाल्ल्यास प्राणावर बेतते. मुलाबाळांच्या घरी तो स्वयंपाकघरात क्षणभरही ठेवू नये. चुकून पोटात गेलाच, तर लक्षणे काही तासांनी दिसतात. वाट न पाहता रुग्णालय गाठावे.